मोर्चाच्या आधीचं कोल्हापूर

गुरुवार

सकाळी कोल्हापूरला गाडीतून उतरणारी माणसं बहुतेक अंबाबाईच्या वाटेला लागतात. मी रिक्षावाल्याला बिंदू चौक सांगितलं. मी नाशिककडच्या एका शाळेत दहावीला राज्यशास्त्र शिकवते. चळवळींचा धडा आला की वर्गातून दरवर्षी एकच प्रश्न येतो, "मॅडम, मत दिलंय ना एकदा? मग परत रस्त्यावर कशाला?" प्रश्न रास्त आहे. गेल्या पंधरा वर्षांत कोल्हापुरातली माणसं टोल, ऊस, महामार्ग, हत्तीण, खंडपीठ अशा एकमेकांशी काही संबंध नसलेल्या विषयांवर रस्त्यावर आली आणि त्यांतल्या बऱ्याच वेळा सरकारला त्यांचं ऐकावं लागलं. हे कसं जमतं, ते तिथल्या माणसांच्या तोंडून ऐकायचं होतं.

बिंदू चौकात एका अंगाला जुन्या तटबंदीचा तुकडा, त्याला लागून तुरुंग, आणि मध्ये महात्मा फुले व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे पुतळे. १९४२च्या लढ्यातले हुतात्मा बिंदू नारायण कुलकर्णी यांचं नाव चौकाला दिलेलं आहे. भाई माधवराव बागल यांच्या पुढाकाराने हे पुतळे ९ डिसेंबर १९५० रोजी उभे राहिले. त्या वेळी बाबासाहेब हयात होते. बागल हे संस्थानी राजवटीत प्रजा परिषदेचे नेते. १९३९ साली ही परिषद उभी राहिली तेव्हा कोल्हापूर संस्थानातल्या माणसाला राज्यकारभार निवडून द्यायचं मत नव्हतं, पण सभा घेता येत होती, शेतसारा कमी करा म्हणून मोर्चा काढता येत होता. मतपेटीच्या आधी इथे मोर्चा आला, हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, तोवर इथली एक पिढी रस्त्यावरच राजकारण शिकून तयार झालेली होती.

तिथून चालत शिवाजी चौकात गेले. आज जिथे शिवाजी महाराजांचा पुतळा आहे तिथे पूर्वी मुंबईचा गव्हर्नर लेस्ली विल्सन याचा पुतळा होता. १९४२च्या आंदोलनात भागीरथीबाई तांबट आणि जयाबाई हविरे या दोघींनी त्यावर डांबर आणि ॲसिड ओतलं. पुढे तो फोडला गेला आणि १९४५ मध्ये महाराजांचा पुतळा बसला. चौकातल्या फुलवालीला मी या दोघींची नावं विचारली. तिला ती माहीत होती. "आमच्या आजीनं सांगिटलेलं," म्हणाली आणि गजरा बांधत राहिली.

याच चौकाची दुसरी आठवण सांगणं भाग आहे. ७ जून २०२३ रोजी मोबाइलवरच्या वादग्रस्त स्टेटसवरून इथे हजारोंचा जमाव गोळा झाला, दगडफेक झाली, पोलिसांनी लाठीमार केला, इंटरनेट बंद ठेवावं लागलं. पुढच्या वर्षी १४ जुलैला विशाळगडाच्या अतिक्रमणाचं निमित्त झालं आणि पायथ्याच्या गजापुरात घरं आणि मशीद फोडली गेली. गर्दी तीच, घोषणांचा जोरही तोच. पण टोलविरोधी मोर्चा सरकारकडे काही मागत होता आणि हा जमाव शेजाऱ्याच्या दारावर चालून गेला होता. जनआंदोलनाबद्दल बोलताना हा फरक मी कधीच सोडणार नाही. मुलांना शिकवतानाही नाही.

शुक्रवार

सगळा दिवस जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आसपास गेला. कोल्हापुरातला मोर्चा बहुतेक करून दसरा चौकातून निघतो, व्हीनस कॉर्नर, असेंब्ली रोड करत कलेक्टर कचेरीवर येतो. दसरा चौकाच्या भोवती शाहू महाराजांच्या काळात उभी राहिलेली निरनिराळ्या समाजांची बोर्डिंगं आहेत. खेड्यातून शिकायला आलेली मुलं तिथे राहायची. त्यामुळे हा चौक जिल्ह्यातल्या कुठल्याच माणसाला परका वाटत नसावा.

कचेरीच्या फाटकाशी एक छोटा मांडव होता. साखळी उपोषण. पाच-सहा माणसं सतरंजीवर बसलेली, मागे फ्लेक्स, आणि दिवसाचा आकडा तेवढा कागदावर लिहून पिनेने लावलेला, म्हणजे रोज बदलता यावा. एक आजी दोन्ही पाय लांब करून बसल्या होत्या. विषय त्यांच्या गावठाणातल्या जागेचा होता. समोरच्या बाजूला बंदोबस्ताचा हवालदार खुर्ची टाकून बसलेला. दुपारी त्यानेच आजींना सावली सरकली म्हणून खुर्चीची जागा दिली आणि स्वतः झाडाखाली जाऊन उभा राहिला. मांडवाला परवानगी कशी मिळते ते मी त्यालाच विचारलं. पोलीस ठाण्याला अर्ज, किती माणसं, किती वाजेपर्यंत, स्पीकर लावणार की नाही. पोलीस अधिनियमाच्या ३७व्या कलमाखालचे बंदी आदेश जिल्ह्यात वरचेवर निघतात. सणवार आला, निवडणूक आली, कुठे तणाव झाला की निघतातच. "मग यांना उठवता का?" तर म्हणाला, "मॅडम, शांत बसल्यात. कशाला उठवायचं?" राज्यघटनेच्या १९व्या अनुच्छेदात निःशस्त्र, शांततेने एकत्र जमण्याचा हक्क आहे. प्रत्यक्षात तो असा अर्जावर, आदेशावर आणि फाटकावरच्या माणसाच्या समजुतीवर उभा असतो. संघटना बेकायदा ठरवण्याचा अधिकार सरकारला देणारं जनसुरक्षा विधेयक राज्यात आलं तेव्हा त्याला एवढा विरोध का झाला, हे त्या मांडवाशेजारी उभं राहिल्यावर नीट कळतं. समजुतीची जागा कमी झाली तर पहिल्यांदा उठवली जातील ती ही सतरंजीवरची माणसं.

संध्याकाळी मंगळवार पेठेत टोलच्या लढ्यातल्या एका कार्यकर्त्याच्या घरी गेले. उद्यमनगरच्या फाउंड्रीत आयुष्य काढलेले काका. त्यांनी पलंगाखालून पत्र्याची पेटी ओढली. पेटीत फायली. प्रत्येक निवेदनाच्या कोपऱ्यात जांभळा शिक्का, आत हाताने घातलेला आवक क्रमांक, तारीख, कारकुनाची सही. काही शिक्के इतके फिके की कागद दिव्याकडे धरावा लागत होता.

"ताई, पोच नसलेलं निवेदन म्हंजे पेटीत न टाकलेलं पत्र," काका म्हणाले. "सायब बदलतोय, मंत्री बदलतोय. शिक्का ऱ्हातोय."

प्रकरण थोडक्यात असं. शहरातले ४९.९९ किलोमीटर रस्ते खासगी कंपनीकडून करून घ्यायचे, खर्च २२० कोटी, आणि बदल्यात कंपनीने शहराच्या वेशींवर नऊ नाके टाकून ३० वर्षं टोल घ्यायचा. म्हणजे कोल्हापूरच्या माणसाने आपल्याच गावात शिरताना पैसे द्यायचे. सर्वपक्षीय टोलविरोधी कृती समिती झाली. पुढे होते शेतकरी कामगार पक्षाचे प्रा. एन. डी. पाटील, वयाची ऐंशी ओलांडलेले, आणि कॉम्रेड गोविंद पानसरे. "देणार नाही, देणार नाही, टोल आम्ही देणार नाही" ही घोषणा तेव्हा शाळेतल्या पोरांनाही पाठ होती.

मी काकांना विचारलं, एवढी माणसं येत कशी होती? त्यांनी मोर्चाचं काहीच सांगितलं नाही. तालमींचं सांगितलं. इथे प्रत्येक पेठेत तालीम आहे. तिथे कुस्ती, गणपती, फुटबॉलचा संघ आणि राजकारण एकाच कट्ट्यावर चालतं. समितीची माणसं रोज रात्री एकेका तालमीत जायची. कराराची प्रत वाचून दाखवायची. कुठल्या रस्त्याचं काम अर्धवट आहे, गटार कुठे नाही, दिवे कुठे नाहीत, याची यादी त्या त्या गल्लीतल्या माणसांकडूनच करून घ्यायची. "भाषण ऐकाय मानूस एकदा येतोय. आपल्या गल्लीतलं गटार लिवून दिलं की पुन्यांदा येतोय," काका म्हणाले. प्रकल्पाचं पुन्हा मूल्यांकन व्हावं ही मागणी अशा याद्यांवर उभी होती.

जानेवारी २०१४ मधल्या जाळपोळीचंही मी विचारलं. टोल गेला असं मंत्र्यांनी सांगितलं आणि नाक्यावर वसुली चालूच राहिली, तेव्हा लोकांनी नाके पेटवले. काका बराच वेळ फायलीची नाडी बांधत राहिले. मग म्हणाले, "राग खरा हुता. पन त्येच्यानंतर आमच्या पोरांवर केसी झाल्या, आन् टोल जायला आनि दोन वर्सं लागली." टोल कायमचा रद्द झाल्याची घोषणा डिसेंबर २०१५ मध्ये झाली. कंपनीला भरपाई सरकारी तिजोरीतून गेली, म्हणजे पैसे शेवटी लोकांचेच. मला हा विजय तरीही मोठा वाटतो. करार करताना लोकांना विचारावं लागतं, हे त्यानंतर निदान या शहरात तरी कुणी विसरणार नाही.

शनिवार

सकाळी सागरमाळला गेले. इथे १६ फेब्रुवारी २०१५ रोजी, फिरून घरी परतताना, पानसरे आणि त्यांच्या पत्नी उमाताई यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. २० फेब्रुवारीला मुंबईत पानसरे गेले. टोल रद्द झालेला त्यांना बघायला मिळाला नाही. त्यांच्या हत्येनंतर शहरातली माणसं सकाळी गटाने बाहेर पडू लागली, निर्भय मॉर्निंग वॉक म्हणून. तरुण, म्हातारी, बायका, चालत जायची, घोषणा द्यायची, घरी यायची. ज्या साध्या सवयीवर गोळी झाडली तीच सवय सगळ्यांनी मिळून चालू ठेवायची, याच्याहून सरळ उत्तर मला तरी सुचलं नसतं. त्या रस्त्यावर मी वीसएक मिनिटं उभी होते. एक आजोबा काठी टेकत गेले, दोन मुली धावत गेल्या.

दुपारी बसने माणगाव, हातकणंगले तालुका. २१ आणि २२ मार्च १९२० रोजी इथे अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्ष डॉ. आंबेडकर, वय २८. शाहू महाराज स्वतः आले आणि तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला असं जमलेल्यांना सांगून गेले. राजा सभेला येतो आणि पुढारीपण दुसऱ्याच्या हाती आहे असं जाहीर करतो. त्याच राजाने २६ जुलै १९०२ रोजी मागासवर्गीयांसाठी नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखण्याचा हुकूम काढला होता. हुकमाने जे देता येतं ते त्याने दिलं, आणि हुकमाने देता येत नाही ते लोकांनी संघटित होऊन घ्यावं म्हणून तो माणगावला आला, असं मी या दोन तारखांचं नातं लावते.

परतीच्या बसला उभं राहून यावं लागलं. उसाच्या ट्रॅक्टरांनी रस्ता अडलेला.

रविवार

शिरोळ तालुका. पहिल्यांदा नांदणी. इथल्या जैन मठातली महादेवी हत्तीण, जिला सगळे माधुरी म्हणतात, न्यायालयाच्या आदेशाने जुलै २०२५च्या अखेरीस जामनगरच्या वनतारा या रिलायन्सच्या प्राणी केंद्रात नेली. ३ ऑगस्टला नांदणीहून कोल्हापूरच्या कलेक्टर कचेरीपर्यंत, सुमारे ४५ किलोमीटर, हजारो माणसं एक शब्द न बोलता चालली. अनेकांनी रिलायन्सच्याच जिओची सिमकार्डं बदलली. आठवड्याच्या आत सरकार मठाच्या बाजूने न्यायालयात जायला तयार झालं आणि वनतारानेही नांदणी परिसरातच पुनर्वसन केंद्र करायची तयारी दाखवली.

मठाच्या बाहेर एक मावशी भेटल्या. त्या चालल्या होत्या, पायाला फोड आले होते. "पोरगी नेल्यावानी वाटलं ओ," म्हणाल्या. त्यांचं दुःख खरं होतं आणि मला ते पोचलं. तरी मला वाटतं ते इथे लिहिते. न्यायालयासमोर प्रश्न होता त्या जनावराच्या तब्येतीचा, तिच्या पायांचा, एकटेपणाचा. त्याचा निकाल माणसांच्या संख्येवर लागू नये. गावाला जो अधिकार होता, आणि जो पायी चालून त्यांनी मिळवला, तो या निर्णयात आपलं ऐकून घेतलं जाण्याचा. केंद्र इथेच व्हावं ही वाट त्या चालण्यामुळेच निघाली. गर्दीने न्यायालयाला हरवलं असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही.

नांदणीहून जयसिंगपूर. विक्रमसिंह मैदानावर दरवर्षी हंगामाच्या तोंडाला स्वाभिमानी शेतकरी संघटनेची ऊस परिषद भरते आणि पहिली उचल, म्हणजे उसाच्या दराचा पहिला हप्ता, किती मागायची ते ठरतं. मैदान रिकामं होतं, मुलं क्रिकेट खेळत होती. शेजारच्या हॉटेलात एक ऊसकरी दादा भेटले, चार एकरवाले. १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस गेल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळायला हवेत, हे त्यांना तोंडपाठ. राज्य सरकारने २०२२ मध्ये एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर, दोन हप्त्यांत द्यायची मुभा दिली होती, ती मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने रद्द केली, हेही माहीत. काटामारीवर, म्हणजे उसाच्या वजनातल्या फसवणुकीवर, तर ते तासभर बोलले असते.

मग मी अवघड प्रश्न विचारला. दरासाठी संघटनेचे नेते राजू शेट्टी यांच्या हाकेला तुम्ही रस्त्यावर बसता. एकेकाळी 'एक व्होट, एक नोट' म्हणून खिशातले पैसे घालून तुम्हीच त्यांना निवडून दिलंत, २००९ आणि २०१४ ला खासदार केलंत. मग २०१९ ला आणि २०२४ ला पाडलंत का?

दादांनी चहाची बशी खाली ठेवली. "मत देताना एकलं उसाचं बघून कसं चालंल ताई? भावकी हाय. पाहुणं हायती. पान्याची संस्था हाय. कारखान्याच्या चेरमनला दुखवलं तर तोड कवा यायची? ऊस शेतात वाळून जाईल. रस्त्यावर बसताना ह्यातलं कायबी मधी येत न्हाई. तितं एकच इषय असतोय."

माझ्या वर्गातल्या प्रश्नाचं मला मिळालेलं सगळ्यात नेमकं उत्तर हे आहे. एका बटणात माणूस वीस गोष्टी कोंबतो. जात, पाणी, तोड, रस्ता, देशाचा पंतप्रधान, सगळं. त्या बटणावरून निवडून आलेला माणूस म्हणतो, मला लोकांनी कौल दिलाय. कशाला दिलाय ते कुणालाच सांगता येत नाही. उसाच्या पहिल्या उचलीला कौल हवा असेल तर तो वेगळा मागावा लागतो, आणि तो मागायची जागा रस्ता. म्हणून पुढारी मतात हरतो आणि त्याची मागणी दरात जिंकते. यात शेतकऱ्याचा दुटप्पीपणा मला दिसत नाही.

संध्याकाळी नदीकाठच्या एका गावात शक्तिपीठ महामार्गाविरोधातली बैठक होती, तिथे दादांनीच नेलं. मूळ आखणीत पवनार ते पत्रादेवी, ८०२ किलोमीटर, १२ जिल्हे. देवळाच्या ओट्यावर पन्नासेक माणसं. बायका भिंतीशी. पुढे एक तरुण पोरगा गटनंबरांची यादी वाचत होता आणि ज्याचा नंबर येईल तो हात वर करत होता. हरकत दाखल केली का, पोच घेतली का, ग्रामसभेच्या ठरावाची नक्कल आणली का, मोजणीची माणसं आली तर पहिला फोन कुणी कुणाला करायचा. भाषण एकही झालं नाही. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने पुराचं काढलं. २०१९ आणि २०२१ ला घरात पाणी होतं. त्यात आडवा भराव घातला तर पाणी जाणार कुठून? आणि रत्नागिरी-नागपूर हमरस्ता असताना त्याला समांतर दुसरा कशाला?

या गावांचा अनुभव मतदानाच्या बाबतीत फार बोलका आहे. १८ जून २०२४ ला कोल्हापुरात मोठा मोर्चा झाला. ऑक्टोबरमध्ये, विधानसभेच्या तोंडावर, जिल्ह्यापुरती भूसंपादनाची अधिसूचना रद्द झाली. निवडणूक पार पडली आणि विषय परत आला. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने २०,००० कोटींच्या तरतुदीला मान्यता दिली. १ जुलैला, कृषी दिनाच्या दिवशी, शेतकऱ्यांनी पंचगंगेच्या पुलाजवळ पुणे-बंगळुरू महामार्ग रोखला. मताची भीती सरकारला काही महिने पुरते. त्यानंतरची चार वर्षं गटनंबरांच्या या यादीवर काढायची असतात. बैठक साडेनऊला संपली. शेवटी सतरंजी झटकून घडी घालताना त्या पोराने पुढच्या गावाची तारीख सांगितली.

सोमवार

सकाळी भाऊसिंगजी रोडवर, सीपीआर दवाखान्यासमोर. मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, १८ ऑगस्ट २०२५ पासून इथे चालू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग अशा सहा जिल्ह्यांची चार दशकांहून जुनी मागणी. वकिलांनी कामकाज बंद ठेवलं, उपोषणं केली, लोकांनी बंद पाळले. मधल्या काळात किती सरकारं आली आणि गेली.

आवारात सावंतवाडीकडचे एक गृहस्थ भेटले, जमिनीचं अपील होतं. पूर्वी तारखेसाठी मुंबईला जायचं म्हणजे रात्रीचा प्रवास, दिवसभर बसणं, राहायची सोय, आणि तारीख पुढे गेली की पुन्हा तेच. आता घाट चढला की कोर्ट. ते आंदोलनात कधीच नव्हते. आंदोलनात नसलेल्या माणसापर्यंत त्याचं फळ पोचतं तेव्हा मला सगळ्यात जास्त आनंद होतो, आणि हे त्यांना मी बोलूनही दाखवलं.

एका ज्येष्ठ वकीलबाईंना मी विचारलं, आता खंडपीठासाठीची कृती समिती बंद करणार का? त्या घाईत होत्या, पुकारा व्हायचा होता. "छे, बंद कशी? हे सर्किट बेंच आहे. आम्हाला कायमचं खंडपीठ पाहिजे. शेंडा पार्कात जागा आहे, तिथे इमारत झाली पाहिजे." काळा कोट सावरत त्या जिना चढता चढता म्हणाल्या, "निवेदन तयार आहे. बुधवारी देतोय. तुम्ही असाल तर या."

मी नसणार होते, शाळा होती. निवेदनाची एक झेरॉक्स मात्र त्यांच्या ज्युनिअरकडून मागून घेतली. या वर्षी चळवळींचा धडा त्या कागदापासून सुरू करणार आहे. आधी मुलांना त्यातली मागणी शोधायला सांगणार, मग ती कुणाकडे केली आहे ते, आणि मग आपल्या शाळेसमोरच्या रस्त्यावरच्या बंद दिव्यांसाठी असंच एक लिहायला. ते घेऊन नगरपालिकेत पोच आणायला आम्ही सगळे मिळून जाऊ.